माशाच्या डोक्याचा पेला

माक बिंगक्वान यांच्या उजव्या बुटात, मोज्याच्या आत, तळपायाला जाड पट्टी बांधलेली होती. त्या खोलीत हे दोघांनाच ठाऊक होतं. एक ते स्वतः, आणि दुसरी टेबलापलीकडे लाल झगा घालून बसलेली त्यांची मुलगी चिंगयी. आज तिचा साखरपुडा होता.

पायाचं कारण साधं होतं. दक्षिण चीनमधल्या शुनदेला माकांची दोन मासळी-तळी आहेत. जाळं ओढायला ते अनवाणी उतरले आणि एका मोठ्या माशाच्या पंखाचा काटा तळव्यात घुसला. असले काटे त्यांनी जन्मभर खाल्ले होते, म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पाय भोपळ्यासारखा सुजला आणि अंगात ताप भरला, तेव्हा चिंगयी त्यांना ओढतच दवाखान्यात घेऊन गेली. सलाइन झालं, इंजेक्शनं झाली, आणि उत्तरेला निघायच्या दिवशी खिशात अँटिबायोटिकच्या गोळ्या आल्या. डॉक्टरीण तरुण होती. तिने चष्म्यावरून बघत बजावलं, "गोळ्या संपून वर आठवडा जाईपर्यंत दारूचा थेंब नाही. मागच्या महिन्यात एक गृहस्थ लग्नाच्या पंगतीतून थेट आमच्याकडे आले होते. ते परत घरी गेले नाहीत." तीही शुनदेचीच. त्यापुढचा शब्द तिने उच्चारला नाही आणि माकांनी विचारला नाही.

शुनदेची माणसं असल्या अशुभ शब्दांना फार जपतात. भाड्याने द्यायच्या रिकाम्या घराला तिथे कुणी रिकामं म्हणत नाही, कारण त्यांच्या बोलीत तो शब्द 'अशुभ'सारखा ऐकू येतो; शुभ घर म्हणतात. नववर्षाच्या दिवशी हातून वाटी फुटली तर आधी चांगलं काहीतरी बोलायचं आणि मग तुकडे उचलायचे. माक तर त्यातही सोवळे. चिंगयी म्हणाली होती, "बाबा, तारीख पुढे ढकलू. नाहीतर मी यानलेईला सरळ सांगते, तो त्याच्या वडिलांना सांगेल."

"तारीख पंचांगातून काढलेली आहे. आणि कुणाला काही सांगायचं नाही. मुलीच्या साखरपुड्याला बाप दुखणं नि औषध घेऊन गेला, असं ऐकवायचंय का लोकांना? शपथ घे."

चिंगयीने शपथ घेतली. घेतली खरी, पण तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता.

बापाचं म्हणणं अगदीच खुळं होतं असंही नाही. सकाळच्या चहाला जमणाऱ्या म्हाताऱ्यांनी माकांचे कान आधीच भरले होते. उत्तरेकडची, शांडोंगची माणसं दिलदार, असं ते म्हणत, पण तिथे पेला नाकारला म्हणजे पेला धरणाऱ्याला नाकारलं असं धरतात. एकाच्या भाचीचा सासरा म्हणे अजून व्याह्यांना 'चहावाले' म्हणतो, आणि भाचीला दोन मुलं झाली. माकांना हसू आलं नव्हतं. चिंगयी यानलेईसोबत तिकडेच राहणार, त्याच्या घरच्यांच्या पीचच्या बागांत, विमानाने अर्धा दिवस लागतो इतक्या लांब. आई नाही. बापाने पहिल्या दिवशी जी पत ठेवली तीच तिच्या पदरात राहणार. माकांनी मनाशी हिशेब केला होता: टाळता येईल तितकं टाळायचं, आणि नाहीच टळलं तर एक पेला घ्यायचा. एका पेल्याने काय होतंय, असं ते स्वतःला सांगत होते, आणि स्वतःचंच त्यांना पटत नव्हतं.

आता दुपार झाली होती. शांडोंगमधल्या मंगयिन गावातल्या हॉटेलच्या त्या खोलीत मोठं गोल टेबल होतं आणि त्यावर फिरती काच. दाराकडे तोंड करून मुलाचे वडील बसले होते. त्यांना सगळे थोरले गोंग म्हणत. माणूस दाराएवढाच रुंद, आवाज बागेतून बागेत जाईल असा. त्यांच्या उजव्या हाताला मुख्य पाहुणा म्हणून माक. बरोबर समोर, दाराला पाठ लावून, त्यांचे भाऊ धाकटे गोंग. त्या खुर्चीला तिथे फार मान असतो, आणि तिचं काम एकच: पाहुणा स्वतःच्या पायांनी चालत बाहेर जाऊ नये. धाकटे गोंग हे काम पंचवीस वर्षं चोख करत आले होते. आजूबाजूच्या गावांतही लग्न ठरलं की आधी आचारी आणि मग धाकटे गोंग यांना बोलावणं जाई.

बाकी मामा, आत्या, शेजारी मिळून टेबल भरलं होतं. थोरल्या गोंगांच्या डावीकडे त्यांची आई, आजी, वाळलेल्या जर्दाळूसारखी एवढीशी. तिला ऐकू कमी यायचं. ती पातळ पोळीत कांद्याची पात गुंडाळून हळूहळू चावत होती आणि कुणाकडे बघत नव्हती.

थोरल्या गोंगांनी मातीचा एक बुधला टेबलावर ठेवला. "व्याहीबुवा, हा यानलेई शाळेत गेला त्या वर्षी भरून ठेवला. बायको म्हणाली विका, भाऊ म्हणाला पिऊ. मी म्हटलं, याच्या सासऱ्याच्या हाताशिवाय हा फुटणार नाही. घ्या, तुम्हीच फोडा."

माकांनी मेण फोडलं. त्या पांढऱ्या दारूचा वास नाकात गेला तशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, बाप गहिवरला. टाळ्या पडल्या.

पहिला पेला यजमानाचा. तो सगळ्यांनी मिळून, त्याने सांगितल्याप्रमाणे घोटाघोटाने संपवायचा. थोरले गोंग उभे राहिले, "लांबून येऊन तुम्ही आम्हाला माणसात घेतलंत," म्हणाले, आणि पेला उचलला. माकांनी ओठ मिटून पेला टेकवला. दारू ओठांवर झोंबली. त्यांनी गरम पाण्याचा रुमाल उचलून तोंड पुसलं आणि पेल्यातला बराचसा भाग त्या रुमालात जिरवला. तळ्याकाठी आयुष्य गेलेल्या माणसाचे हात चपळ असतात. दुसरा घोट आला तेव्हा त्यांनी सूपच्या वाटीत वाकून बघितलं आणि पेला तिकडे कलला. तिसऱ्याला पुन्हा रुमाल कामी आला.

समोर धाकटे गोंग गालात हसत होते. त्यांनी वाढणाऱ्या पोरीला खूण केली. ती आली, माकांचा रुमाल घेऊन गेली आणि नवा कोरडा ठेवून गेली. सूपची वाटीही उचलली.

"व्याहीबुवा," धाकटे गोंग म्हणाले, "तुमचा रुमाल बिचारा झिंगला होता. त्याला झोपायला पाठवलं."

सगळं टेबल खदखदून हसलं. माकही हसले, पण मानेवरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये उतरला. हे हसणं अजून प्रेमाचं होतं, एवढं त्यांना कळत होतं. शांडोंगच्या माणसाचं प्रेम त्याच्या स्वतःच्या पोटात मावत नाही, तो ते दुसऱ्याच्या पोटात ओततो. पण प्रेमालाही धीर असतोच असं नाही.

"मला फारशी सवय नाही," माक आपल्या मोडक्यातोडक्या उत्तरी बोलीत म्हणाले. "आमच्याकडे जेवताना चहा."

"सवय कुणाला असते, लावून घ्यावी लागते," आत्या म्हणाल्या. "आमच्या यांना बघा, सवय नव्हती. आता सुटत नाही."

"माझं पोट जरा..."

"पोटाला याच्यासारखं औषध नाही," मामा म्हणाले.

औषध हा शब्द ऐकून चिंगयीने मान वर केली. बापाने तिच्याकडे बघितलं आणि अगदी थोडी मान हलवली. तिने पुन्हा खाली बघितलं. तिच्या ताटातला कोंबडीचा तुकडा तसाच होता. शेजारी बसलेल्या यानलेईने हळूच विचारलं, "काय झालं?" तिने काही नाही म्हटलं. तिचं 'काही नाही' त्याला पटलं नाही, पण काकांसमोर जास्त विचारता येईना.

मग मासा आला.

लांबट ताटात अख्खा मासा, वरून तांबूस रस्सा. वाढणाऱ्या पोरीने ताट काचेवर ठेवलं आणि काच सावकाश फिरवली. मासा टेबलाभोवती फिरला, मामांसमोरून, आत्यासमोरून, धाकट्या गोंगांसमोरून, आणि त्याचं तोंड माकांसमोर येऊन थांबलं. सगळ्यांनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. तिथे असं असतं की माशाचं तोंड ज्याच्याकडे वळलं त्याने आधी पेला रिकामा करायचा. तोवर माशाला कुणी हात लावत नाही. मासा थंड होवो, भात थंड होवो, काड्या हलत नाहीत.

माकांच्या मनात आधी आलं ते भलतंच: माशाचा डोळा फार शिजवलाय. आमच्याकडे असा मासा कुणी टेबलावर आणला असता तर आचाऱ्याला तळ्यात ढकललं असतं. मग त्यांची नजर शेजारच्या पेल्याकडे गेली. धाकट्या गोंगांनी स्वतः उठून, टेबलाला वळसा घालून, तो काठोकाठ भरला होता. आता ते माकांच्या खुर्चीमागेच उभे राहिले. रुमाल दूर सरकवलेला होता.

"हा एकट्याचा," धाकटे गोंग म्हणाले. "यात आम्ही भागीदार नाही. आम्ही फक्त बघणार."

थोरले गोंग प्रेमाने वाट बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, आणि तेच माकांना जड जात होतं. कपटी माणसाला टोलवता येतं. हा माणूस अठरा-वीस वर्षं बुधला जपून बसला होता, आणि त्याचे कान आता लाल झाले होते, कारण पाहुण्याचा हात पेल्याकडे जात नव्हता.

"व्याहीबुवा," थोरले गोंग जरा हळू म्हणाले, "आमचं काही चुकलं का? जागा चुकली, मान चुकला? सांगा, लगेच दुरुस्त करतो. मनात ठेवू नका."

"नाही, नाही. काही चुकलं नाही."

"मग?"

माकांनी पेला उचलला. तो उचलताना हातावर दारू सांडली. एक पेला, त्यांनी मनात म्हटलं. पेला हनुवटीपर्यंत गेला.

"बाबा, नका."

चिंगयी उभी राहिली होती. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. "ते पिणार नाहीत. त्यांना चालत नाही. त्यांना अँटिबायोटिक चालू आहे. परवापर्यंत इंजेक्शनं होती. यावर दारू घेतली तर..." ती अडखळली, कारण तो शब्द तिच्याही तोंडून निघेना. "घेता येत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

टेबलाच्या एका बाजूला कुणीतरी फसकन हसलं, आणि हसू खोलीभर पसरलं. मामांना ठसका लागला. आत्यांनी तोंडावर रुमाल धरला.

त्यांचीही चूक नव्हती. साऱ्या देशात दारू टाळायला याच्याइतकं झिजलेलं निमित्त नाही. ज्याला पंगतीतून सुटायचं असतं तो हेच सांगतो. काही जण तर गोळ्यांची रिकामी पट्टी खिशात घेऊन हिंडतात. कारकून साहेबाला सांगतो, जावई सासऱ्याला सांगतो, आणि मग कुणी बघत नाहीसं पाहून दोन पेले मारतो. खुद्द धाकट्या गोंगांची वहिनी गेल्या नववर्षाला सगळ्यांदेखत म्हणाली होती की गावात एवढ्या लोकांना एवढी अँटिबायोटिक चालू असती तर गावाचा दवाखाना झाला असता.

"आलं," धाकटे गोंग डोळे पुसत म्हणाले. "मी म्हणतच होतो, अजून कसं नाही आलं. सूनबाई, तुम्ही दक्षिणेच्या लोकांनी तरी नवीन काहीतरी आणायचं. हे आम्ही इकडे आजोबांच्या काळापासून खपवतोय."

"खरं सांगतेय काका. पट्टी आहे त्यांच्या..."

"पट्टी असणारच. पट्टी माझ्याही खिशात आहे. दाखवू?" आणि त्यांनी खरोखरच कोटातून गोळ्यांची एक चपटी पट्टी काढली. पुन्हा हशा झाला.

यानलेई उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "काका, बास. ती म्हणते तर खरं असेल. द्या तो पेला, मी घेतो."

"अरे वा," मामा म्हणाले. "अजून वरात निघाली नाही आणि नवरदेव तिकडच्या बाजूला जाऊन बसला."

"मासा तुझ्याकडे बघतोय का?" धाकटे गोंग म्हणाले. "खाली बस."

"बसणार नाही."

"यानलेई." थोरल्या गोंगांनी फक्त नाव घेतलं. त्या घरात वडिलांनी नुसतं नाव घेतलं की मुलगा बसतो. यानलेई बसला नाही, पण पुढेही सरकला नाही. तो नुसता उभा राहिला, हात लोंबकळत. चिंगयी त्याच्याकडे आणि बापाकडे आळीपाळीने बघत होती.

आता हसू विरायला लागलं होतं. थोरले गोंग हसलेच नव्हते. त्यांनी बुधल्याकडे पाहिलं, मग माकांकडे. त्यांच्या आवाजातलं प्रेम निघून गेलं होतं. "व्याहीबुवा, आम्ही डोंगरातली माणसं. तोंडावर बोलतो. प्यायची नसेल तर नाही म्हणा, मला राग येईल आणि उद्या जाईल. पण लेकीला उभं करून खोटं बोलायला लावू नका. ही उद्या या घरात राहणार. पहिल्याच दिवशी हिचा शब्द असा हलका झाला, तर मी गावाला काय सांगू?"

माकांना हे चाबकासारखं लागलं. त्यांनी काय काय मोजलं होतं: पत, पेला, पाय, पंचांग. हे मोजलं नव्हतं. मुलगी खरं बोलली आणि सासरच्या टेबलावर खोटी ठरली. ती उभी होती, आणि तिला वाचवायला बापाकडे एकच पुरावा होता. तो हातात होता. पेला रिकामा करायचा, आणि मग जे होईल ते सगळ्यांनी बघायचं. त्याने ती खरी ठरली असती.

वेडेपणा होता, पण खरं सांगायचं तर तो विचार त्यांच्या मनात आला आणि घटकाभर थांबला. पेल्याची कड पुन्हा ओठांना लागली.

"बाबा," चिंगयी म्हणाली.

माकांनी पेला खाली घेतला. ते उठून उभे राहिले. उजव्या पायावर भार पडला तशी कळ मांडीपर्यंत गेली.

"माझी मुलगी खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "हा पेला घेतला तर मी मरेन."

ते सावकाश बोलले होते, वाईट उच्चारांत, पण शब्द स्वच्छ होता.

आत्यांच्या हातातली काडी खाली पडली आणि त्यांनी ती उचलली नाही. धाकट्या गोंगांनी हातातली गोळ्यांची पट्टी मुठीत दाबली. निमित्तं हजार असतात. बोटावर मोजता येत नाहीत इतकी धाकट्या गोंगांनी ऐकली होती. पण पोटच्या पोरीच्या साखरपुड्याला, लाल चादरीच्या टेबलावर, स्वतःच्या तोंडाने हा शब्द काढील असा बाप उत्तरेला नाही आणि दक्षिणेलाही नाही. पेला चुकवण्यासाठी तर नाहीच नाही. त्या शब्दाला पट्टी लागत नव्हती, डॉक्टरचा कागद लागत नव्हता.

चिंगयीने दोन्ही हात तोंडावर धरले होते. तिची आई गेली त्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात बापाने तिला सांगितलं होतं, "आई पुढे गेली." नातेवाइकांना कळवतानाही पुढे गेली. वर्षश्राद्धालाही पुढे गेली. हा शब्द तिने बापाच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता, आणि तो त्याने आज तिच्यासाठी, तिच्याच शुभ दिवसावर टाकला होता. माकांच्याही ते ध्यानात आलं. लेकीचा शब्द वाचवला आणि तिच्या संसारावर सावली घातली, असं त्यांना वाटलं, आणि डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत.

थोरले गोंग उठले. एवढा रुंद माणूस, पण उठताना त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. त्यांनी माकांच्या हातातला पेला धरला.

"सोडा," ते म्हणाले.

माकांनी सोडला नाही.

"व्याहीबुवा, सोडा. हा शब्द तुमचा नाही. माझ्या टेबलावर, माझ्या हट्टापायी निघाला. मी ओढून काढला तुमच्या तोंडातून. मी गोंग श्येनताई, सगळ्यांदेखत सांगतो, त्याचं जे काही व्हायचं असेल ते माझ्यावर. पोरांवर नाही, तुमच्यावर नाही." त्यांनी पेल्यावरची पकड घट्ट केली. "एवढं करू द्या. नाहीतर मला रात्री झोप यायची नाही."

"असं कसं," माक म्हणाले. हिशेबी माणूस शेवटी हिशेबावर आला. "बोललो मी. पोर माझी. सगळं तुम्ही कसं घेणार? अर्धं माझं."

"अर्धं बिर्धं काही नाही. पाहुणा आहात तुम्ही."

"व्याही आहे. पाहुणा कसला? अर्धं."

"मी म्हणतोय ना, पूर्ण माझं."

"मला जमणार नाही."

दोघं पेला ओढू लागले. जेवणाचं बिल कोण देणार यावरून जशी माणसं काउंटरवर झोंबतात, तशी. दारू चादरीवर सांडत होती. फरक एवढाच, की दोघंही रडत होते आणि कुणाची हसायची छाती नव्हती. धाकटे गोंग मध्ये पडायला गेले आणि थोरल्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते जागीच थांबले.

तेवढ्यात टेबलावरची काच फिरू लागली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. वाट्या, कोंबडीचं पातेलं, पोळ्यांची चळत, सगळं हळूहळू सरकत होतं. मासा माकांसमोरून हलला, थोरल्या गोंगांसमोरून गेला, आणि आजीसमोर येऊन थांबला. आजीचं एक बोट काचेच्या कडेवर होतं.

"किती ओरडता रे," आजी म्हणाली. "बहिरी आहे मी, मेलेली नाही."

"आई," थोरले गोंग घाबरून म्हणाले, "आजच्या दिवशी..."

"तुम्ही दोघांनी म्हटलेलं चालतं, मी म्हटलं की आजचा दिवस." तिने हात पुढे केला. "आण तो पेला इकडे. मासा कुणाकडे बघतोय?"

तिने दुसऱ्या हाताने माशाच्या तोंडाकडे बोट केलं.

"माझ्याकडे बघतोय. आण म्हणते ना."

थोरल्या गोंगांनी पेला दिला. त्यात निम्मीच उरली होती. आजीने तो दोन्ही हातांनी धरला, वास घेतला आणि माकांकडे वळली.

"लेकीसाठी बोललास, चांगलं केलंस. तो शब्द तुझ्या मापाचा नाही, याच्याही नाही. तुमची वयं काय? तुम्हाला अजून नातवंडं अंगाखांद्यावर घ्यायची आहेत. माझं वय बघ. तो माझ्या मापाचा आहे, माझ्या अंगावर बरोबर बसतो. मी नेते घरी. आता यावर पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही."

ती प्यायली. सावकाश, पण थांबली नाही. तिने पेला खाली ठेवला तेव्हा थोरले गोंग खाली बसून लहान मुलासारखे हुंदके देत होते. आईच्या पुढे त्या घरात कुणाचं चालत नाही. तिने घेतलं ते परत मागता येत नव्हतं.

यानलेई चिंगयीपाशी आला आणि तिच्या बाजूला उभा राहिला. यावेळी त्याला कुणी बस म्हटलं नाही. धाकट्या गोंगांनी वाढणाऱ्या पोरीला बोलावून चहा मागवला, सगळ्यांसाठी, आणि दाराजवळच्या आपल्या खुर्चीत मान खाली घालून बसले.

"थंड होतोय," आजी माशाकडे बघत म्हणाली. "काटे दिसत नाहीत मला."

माक लंगडत टेबलाला वळसा घालून तिच्या खुर्चीशी गेले. आता लंगडणं लपवायचं कारण उरलं नव्हतं. त्यांनी काड्या घेतल्या, माशाच्या गालाचा मऊ तुकडा सोडवला, एकेक काटा काढून बाजूला ठेवला, आणि तो तिच्या वाटीत वाढला.